गोंडेवाले बूट

सैफुद्दीन मिस्तरीला किळस फार. उभा जन्म चामड्यात गेलेल्या माणसाला किळस येते म्हटलं की कामरगावातल्या लोकांना हसू यायचं. पण त्याची किळस वेगळी होती. चामड्याच्या वासाची त्याला कधी घाण वाटली नाही, घाण वाटायची ती फसव्या कामाची. रेक्झिनचा जोडा दिसला की तो तोंड फिरवायचा. तळवा नुसता चिकटवलेला आणि वरून शोभेचे टाके मारलेले, असं काही दुरुस्तीला आलं की तो हातातलं काम टाकून उठायचा. मग तो बाहेर जाऊन थुंकून यायचा आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं बडबडत बसायचा.

दुकान जीप थांबतात तिथून चार पावलांवर. बाहेर हा लाकडी फर्मे आणि हातोडी घेऊन बसायचा, आत त्याची बायको जैतुनबी मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवण घालायची. दोघांच्या हातचा खरा माल एकच, शेतात घालायचे लांब बूट. म्हशीचं जाड चामडं, बाभळीच्या सालीत कमावलेलं, पोटरीपर्यंत उंच, आणि समोरची जीभ दोन्ही बाजूंनी शिवून बंद केलेली, म्हणजे चिखल नाही, पाणी नाही, इंचू-काटा नाही. सापाचा दात त्यातून आत जात नाही असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. पण असे बूट घेणारं आता कोण होतं? वर्षभरात नवा जोड त्यानं कापलाच नव्हता. फाटक्या चपला शिवून शिवून हात विटला होता.

अशात मृगाच्या तोंडावर दौलतराव आला. चाळीस एकराचा मालक, दारात नवा ट्रॅक्टर, आणि दुकानात पाऊल टाकताना नाकावर रुमाल. चामड्याचा वास त्याला सोसेना. मोबाईलवर त्यानं कुठल्यातरी गोऱ्या जमीनदाराचा फोटो दाखवला, पायात लांब बूट आणि शेजारी कुत्रं. म्हणाला, असे पाहिजेत, नंबर नऊ. सैफुद्दीननं मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं विचारलं की पायी किती फिरता, वावर काळं की मुरमाड, पायमोजे जाड घालता की पातळ. दौलतराव म्हणाला, तुला कशाला पाहिजे ते? तेव्हा मिस्तरीनं ऐकवलं की बूट फोटो पाहून घ्यायचा नसतो. दिवसभर चालून पाय जरा सुजला की संध्याकाळी यायचं, जे मोजे घालणार ते घालून कागदावर उभं राहायचं, आणि माप दोन्ही पायांचं द्यायचं, कारण कोणाचेच दोन पाय सारखे नसतात. दौलतराव कुरकुरत का होईना, संध्याकाळी परत आला.

मापाचं झालं आणि खरी घाण पुढं निघाली. दौलतरावाला बुटाच्या पुढच्या बाजूला पितळी कड्या पाहिजे होत्या, आणि कड्यांत लाल-पिवळे गोंडे. एकेका बुटाला तीन. सैफुद्दीननं तोंड वाकडं केलं. तो म्हणाला, पाटील, बूट आहे तो, पोळ्याचा बैल नाही. दौलतराव म्हणाला, लोकांच्या नजरेत भरलं पाहिजे, आणि एकदा हे घालून मी बाजारात फिरलो की सगळा तालुका तुझ्या दारात येतो की नाही बघ. आतून जैतुनबी दोरा न थांबवता बोलली, छेद पडला की पाणी शिरलं. सैफुद्दीननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गोंडे त्यानं स्वतःच लावले, बायकोनं त्यांना हात लावला नाही.

बूट देताना त्यानं जपणुकीचं सगळं सांगितलं. चिखल वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसायचा. भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायचे, चूल नाही, ऊन नाही. पंधरा दिवसांनी एरंडीचं तेल, तेही दोन बोटांवर मावेल तेवढंच, हळूहळू चोळून. दौलतराव हो हो करत राहिला आणि मोबाईलवर बोट फिरवत राहिला. हात जोडून सांगितलं असतं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

ते बूट तयार होत असताना एका बाईनं ते निरखून पाहिले होते. धनज गावची प्रयागबाई. सोयाबीन सोंगणाऱ्या, म्हणजे कापणीच्या, अठरा बायांची ती मुकादम. गेल्या साली सोंगताना तिच्या उजव्या पायाला घोणस डसली. जीव वाचला, दोन बोटं गेली. त्या दिवसापासून बायांनी ठरवलं होतं की पुन्हा उघड्या पायानं वावरात उतरायचं नाही. उरलेल्या सोंगणीत प्लास्टिकचे गमबूट त्यांनी घालून पाहिले, तर पाय आत शिजले आणि सोयाबीनच्या खुंटानं ते महिन्यात फाटले. म्हणून ती सैफुद्दीनकडं आली. पण बाई पक्की होती. म्हणाली, अर्धा पावसाळा जाऊ द्या, दौलतरावाचे बूट कसे टिकतात ते डोळ्यानं पाहते, मग अठरा जोड सांगते.

अठरा जोड! सैफुद्दीनच्या बापानंसुद्धा एका वेळी एवढे कधी केले नव्हते. आणि जायचे कोणाच्या पायात, तर ज्यांना खरी गरज त्यांच्या. तेव्हापासून सैफुद्दीन दर जीपकडं धनजची माणसं दिसतात का म्हणून बघायचा.

पोळा आठ दिवसांवर आला, बाजाराचा दिवस होता, आणि प्रयागबाई आली. पिशवीत अठरा कागद होते. कोळशानं पाय गिरवलेले, काही वर्तमानपत्रावर, काही खताच्या पोत्यातल्या जाड कागदावर. संध्याकाळी, पाय सुजल्यावर घेतले, असं तिनं मुद्दाम सांगितलं. सैफुद्दीनला इतकं बरं वाटलं की त्यानं तिला बसायला स्वतःचं पोतं दिलं. दौलतरावाचे बूट पाहिले का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, पाहायचं काय त्यात, माझ्या हातचे आहेत.

तेवढ्यात दौलतरावच आला. हातात पोतं होतं. पोतं त्यानं दुकानासमोर उलटं केलं, आणि असा वास सुटला की शेजारचा मिरच्यावाला उठून उभा राहिला. दोन बूट पडले. खरं तर बूट कसले, दोन मेलेली जनावरं. उजवा वाळून वाकडा झालेला आणि भेगाळलेला. टाच उंदरांनी खाल्लेली. आत हिरवी बुरशी, बुरशीत उंदराच्या लेंड्या, आणि सगळ्यावर एक चिकट पिवळा थर, त्याला माश्या चिकटलेल्या. गोंडे तेवढे तेलात न्हाऊन लोंबत होते. दौलतराव चार लोकांत ओरडून सांगू लागला की या मिस्तरीनं सडकं चामडं गळ्यात मारलं, कोणी इथं पाय ठेवू नका.

सैफुद्दीन बाजूला थुंकला. तरी त्यानं बूट उचलला, नाकाशी नेला, आत हात घातला आणि बोटांत काहीतरी धरून बाहेर काढलं. तळलेल्या कांद्याचं काळं भजं होतं ते. त्यानं ते सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं की हे तेल कोणतं पाजलं. दौलतराव ऐटीत म्हणाला, माझ्या बापानं जन्मभर वहाणेला तेल पाजलं, आम्हाला शिकवतो का? पोरीच्या साखरपुड्याचं भज्याचं तेल उरलं होतं, घमेल्यात रात्रभर बूट बुडवून ठेवले. गर्दीत हसू फुटलं. सैफुद्दीनला चेव आला. तो लोकांकडं वळून सांगू लागला की वहाण म्हणजे नुसता चामड्याचा जाड पाट, ती पिते तेल. बुटाला शिवण असते, थर असतात, तेल त्यांत साठून कुजतं, आणि भज्याच्या वासानं उंदरांना तर जेवणाचं आवतणच जातं. घरात बायको नव्हती का सांगायला, असंही तो बोलून गेला. दौलतरावाचं तोंड लाल झालं.

पण मिस्तरी आता थांबणार होता थोडाच? त्यानं विचारलं, एवढं तेल पाजायची वेळच का आली? दौलतराव म्हणाला, लाकडासारखे कडक झाले होते. का झाले? तर गड्यानं ट्रॅक्टरच्या तापलेल्या सायलेन्सरवर वाळत ठेवले. लोक आणखी हसले. सैफुद्दीननं कपाळावर हात मारून घेतला, शिसारी आल्यासारखं तोंड केलं, आणि प्रयागबाईकडं बघितलं. ती हसत नव्हती. हातातले कागद धरून नुसती ऐकत होती.

"सायलेन्सरवर काहून ठेवले पाटील?" त्यानं शेवटचं विचारलं.

"मंग काय करू? पयल्याच पान्यात आतून चिंब झाले होते."

"माह्या बुटात पानी जात नाई."

त्यानं तांब्या मागितला. जैतुनबी आतून नको म्हणून हात हलवत होती, पण या शहाण्याला कशाचं भान? डावा बूट बराच धड होता, चिरला नव्हता. त्यानं तो सगळ्यांसमोर उभा धरला आणि समोरच्या बाजूवर वरून धार सोडली. पाणी चामड्यावरून घसरलं, शिवणीवरून घसरलं, एक थेंब आत गेला नाही. लोक वा म्हणाले. मग धार गोंड्यांवर आली आणि तिथं नाहीशी झाली. प्रयागबाई पुढं झाली, तिनं बुटात हात घातला, काढला, आणि ओली बोटं साडीला पुसली. मग तिनं एक गोंडा बाजूला सारून त्याखालचं भोक बघितलं.

"हे भोकं कोनं पाडले भाई?"

हे पाटलांनीच सांगितलं होतं, असं उत्तर सैफुद्दीनच्या जिभेवर तयार होतं. ते खोटंही नव्हतं. पण आत दोरा ओढायचा आवाज थांबला होता, आणि जैतुनबी त्याच्याकडं बघत होती.

"म्या पाडले," तो म्हणाला.

दौलतरावाला जोर आला. बघा, बघा, स्वतःच्या तोंडानं कबूल झाला, असं तो दहा वेळा म्हणाला, आणि बूट तिथंच टाकून, रुमाल नाकाला लावून निघून गेला. तमाशा संपला तशी गर्दीही पांगली. वास मात्र राहिला.

प्रयागबाईनं विचारलं, पाणी शिरेल हे माहीत होतं का. तो म्हणाला, होतं. मग का पाडले, असं तिनं विचारलं. जन्मभर तो दुसऱ्यांच्या कामावर थुंकत आला होता. रेक्झिनवाल्याला निदान चांगल्या कामाची अक्कल तरी नसते. याला अक्कल होती, बायको सांगत होती, हातात आरी होती, आणि तरी यानं आपल्याच मालाला भोकं पाडली, कशासाठी तर चार लोकांच्या नजरेत भरावं म्हणून. त्याला स्वतःची अशी किळस आली, तशी त्या सडक्या बुटाचीही आली नव्हती.

"नाई म्हनता आलं नाई मले," तो म्हणाला.

"पानी शिरते तिथून दात बी शिरते," प्रयागबाई म्हणाली.

तिनं कागद गोळा केले. एकावर एक ठेवून नीट सारखे केले, गुंडाळी केली, पिशवीत घातली आणि उठली. सैफुद्दीन बसूनच राहिला. थांबा म्हणणार तरी कोणत्या तोंडानं? पायरी उतरून ती दोन पावलं गेली, थांबली, आणि पिशवीत हात घालून तिनं एक कागद परत काढला. तो तिनं त्याच्यासमोर ठेवला. उजवा आणि डावा, दोन पाय कोळशानं गिरवलेले. उजव्याला तीनच बोटं होती.

"पयले माह्या एकटीचे करा. सोंगनीच्या पयल्या दिवशी मीच घालीन, सगळ्याईच्या पुढं मीच उतरीन. मले काई झालं नाई, तं बाकीच्या देतीन माप."

"काई झालं तं?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मंग तुमाले समजनच," ती म्हणाली, आणि धनजच्या जीपकडं लंगडत निघाली.

ती जीपमध्ये चढेपर्यंत सैफुद्दीन बघत राहिला. मग त्यानं कागद पुढं ओढला आणि सवयीनं टाचेची रुंदी घ्यायला त्यावर पंजा टेकवला. कागदावर पिवळा डाग उमटला. डाग पसरत पसरत त्या तीन बोटांपर्यंत गेला. त्यानं हात झटक्यानं मागं घेतला, आणि भज्याच्या तेलाचा वास त्याच्या नाकात गेला, स्वतःच्याच तळव्याचा.

जैतुनबी आतून उठून आली. तिनं तो कागद त्याच्यासमोरून उचलला, पदरानं टिपला आणि आपल्याकडं ठेवून घेतला.

"पयले हात धुऊन या," ती म्हणाली.