मास्तरांच्या डोक्यातला समुद्रघोडा

मी एक जुना समुद्रघोडा आहे. हसू नका मित्रांनो! समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. मी राहतो एका म्हाताऱ्या शिंप्याच्या मेंदूत, कानाच्या जरा वर, खोल आत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माझा आकार पाहून विद्वानांनी माझं नाव हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोडा, असं ठेवलं. माझा जुळा भाऊ पलीकडच्या कानाशी राहतो.

माझं काम आठवणींच्या कच्च्या टाक्याचं. दिवसभरात जे घडतं, त्याला मी चटकन टाके घालून ठेवतो. त्यातलं जपण्यासारखं असेल, त्याची पक्की शिलाई पुढे सावकाश वरच्या मजल्यावर, मेंदूच्या बाहेरच्या थरात, होते. माझ्या शेजारी बदामाएवढी अमिग्डला राहते. भीती, माया, दुःख हे तिचं खातं. ती हळवी, मी शिस्तीचा, पण आमचं छान जमायचं. लग्नानंतर मास्तरांची बायको पहिल्यांदा दुकानात आली आणि त्यांच्या हातातली सुई काढून घेत म्हणाली, "सरका, काज मी करते." तेव्हा माझ्या या शेजारणीने असा गलका केला की तो टाका आजही उसवलेला नाही.

तरुणपणी माझा काय रुबाब होता! मास्तर माप कधी लिहीत नसत. गिऱ्हाईक काळजीने म्हणायचं, "मास्तर, लिहून घ्या की!" मास्तर कपाळाला बोट लावायचे. "इथे आहे." सदरा अंगावर चपखल बसायचा. शाबासकी मिळायची ती मास्तरांच्या हातांना. माझं नावही कुणी घेत नसे, तरी मी आतल्या आत फुलून जायचो.

पुढे मला आजार जडला. धुतल्यावर हलकं कापड आटावं, तसा मी आटत गेलो. एकदा मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. बायकोने लगेच नवी बाही बेतली. "उशीर माझ्यामुळे झाला," असं गिऱ्हाइकाला सांगितलं तेही तिनेच. ती होती तोवर सगळं झाकून गेलं.

मग तीच गेली. मास्तर धाय मोकलून रडले. त्या दिवसाला टाका घालायला मी जिवाच्या आकांताने धडपडलो, पण माझ्याकडे दोराच उरला नव्हता. दुसऱ्या सकाळी मुलगी आली, तर मास्तर तिला म्हणाले, "अगं, तुझी आई कुठे गेली? या सदऱ्याचे काज राहिलेत."

त्या घरात खोटं बोलायची पद्धत नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, आई गेली. विसरलात का?" मास्तर पुन्हा तसेच कोसळले. रोज ते तेच विचारू लागले आणि ती तेच सांगू लागली. बिचाऱ्यांची बायको रोज मरत होती. दोष माझा होता आणि मला काहीच करता येत नव्हतं.

एकदा दुपारपर्यंत ती बातमी माझ्यातून पार गळून गेली. शेजारीण मात्र थरथरतच होती. मास्तर गळ्यात टेप अडकवून मशीनपाशी बसले आणि मुलीला म्हणाले, "मला इतकं वाईट का वाटतंय गं? माझं काही चुकलं का? तू रागावलीस माझ्यावर?"

 मुलीला वाटलं होतं, बाबा विसरतात म्हणजे सुटतात.

दुसऱ्या दिवशी "तुझी आई कुठे गेली?" हा रोजचा प्रश्न आला. मुलीने स्टूल जवळ ओढलं. "आईची आठवण येतेय ना बाबा? मलाही येते. ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा काय झालं, सांगा ना." मास्तर सांगत सुटले. हसलेसुद्धा. थोड्याच वेळात मी ते सारं सांडून टाकलं, पण शेजारीण संध्याकाळपर्यंत निवांत होती आणि मास्तर गुणगुणत होते.

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिले नाहीत, म्हणून एक विनंती करतो. घरातल्या थकल्या माणसासमोर उभं राहून "ओळखा पाहू, मी कोण?" असा परीक्षेचा पेपर काढू नका. पेपर माझा असतो आणि नापास ते होतात. नुसते जवळ बसा, हात हातात घ्या. तुम्ही येऊन गेलात हे मी विसरेन. शेजारीण विसरणार नाही.

हल्ली वरच्या मजल्यावरची पक्की शिलाईही उसवू लागली आहे. परवा मास्तर मुलीकडे बराच वेळ बघत राहिले. मग संकोचून म्हणाले, "बाई, तुमचं नाव काही आठवत नाही हो. पण तुम्ही आलात की बरं वाटतं. उद्या याल ना?"

मुलीने तोंड फिरवून डोळे पुसले.

"येईन की," ती म्हणाली.