कापाम्ब्वेच्या टॅक्सीतली छाटलेली खुंटी

मित्रांनो, मोटारीच्या दारावर काचेच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक खुंटी असते. ती दाबली की दार बंद, उपसली की मोकळे. मी तशीच एक जुनी खुंटी आहे. फरक एवढाच, की मला डोके नाही. ते करवतीने कापले गेले आणि कापणाऱ्याचा हेतू उत्तम होता. गेल्या तीस वर्षांत मला वाईट हेतूचा मनुष्य फारसा भेटला नाही. मी थकले आहे ती त्यामुळेच.

माझा जन्म जपानमधला. तिथे अकरा वर्षे मी एका शिक्षिकेच्या गाडीत होते. मग गाडी जुनी ठरली, जहाजात चढली, दार-एस-सलामच्या धक्क्यावर उतरली आणि धुळीचा लांब रस्ता तुडवत झांबियात, तांब्याच्या खाणींच्या किट्वे गावी आली. कापाम्ब्वे नावाच्या बेम्बा जमातीच्या माणसाने ती टॅक्सीसाठी घेतली. चालकाच्या पाठीमागचे, उजवीकडचे दार माझे.

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. कापाम्ब्वे मला रोज ओल्या फडक्याने पुसत असे. बाजारातल्या मासळीवाल्या बायका म्हणत, "मामा, तुमच्या गाडीची दारं कशी फ्रीजसारखी लागतात हो!" तो उगीचच दार पुन्हा एकदा लावून दाखवी.

पुढे 'चिसोकोने' नावाच्या बाजाराजवळच्या सिग्नलला कोणीतरी माझे दार उघडून एका नर्सची पर्स पळवली. त्या दिवसापासून गाडी सुरू होण्यापूर्वी आज्ञा सुटू लागली: "खुंट्या खाली!" मग चोर तारेचा फास काचेच्या फटीतून आत सोडून आमची डोकी वर ओढायला शिकले. त्यावर कापाम्ब्वेने करवत आणली आणि प्रवाशांच्या तिन्ही दारांच्या खुंट्यांची डोकी जवळजवळ काठाबरोबर उडवली. स्वतःच्या दाराची मात्र शाबूत ठेवली. उरलेल्या बुंध्याला बोटांची पकड बसेना, म्हणून त्याने आसनाखाली पक्कड ठेवली. मुक्काम आला की तो मागे वळे, दात उपटावा तशी मला उपसे आणि खाली उतरून बाहेरून दार उघडे. प्रवाशांच्या दारांच्या आणि काचांच्या आतल्या मुठी केव्हाच तुटल्या होत्या.

चालत्या गाडीच्या दारांना लॉक लावावे की लावू नये, यावर त्या गाडीत दोन पंथ होते. एक म्हणे, चोर बाहेर असतो, लावा. दुसरा म्हणे, अपघात सांगून येत नाही, लावू नका. दोन्ही पंथ विद्वानांसारखे ठाम होते आणि दोघांनाही आपले घर येताच विषयाचा विसर पडे. 'सुरक्षितता' हा शब्द मी बहुतेक वेळा अशाच तोंडून ऐकला, ज्याच्या हाताशी त्याचे स्वतःचे दार उघडे होते.

एकच प्रवासी हा वाद घरी पोचल्यावरही विसरत नसे. त्याचे नाव जेरे. एकतीस वर्षे तो खाणीत होता, तिथेच एक पाय अधू झाला, शेवटी पाळीचा मुकादम झाला. छातीत खाणीची धूळ बसल्यामुळे दर गुरुवारी तो दवाखान्यात जाई, आणि कापाम्ब्वेच्याच गाडीने जाई. जेरे न्गोनी होता. बेम्बा आणि न्गोनी एके काळी एकमेकांशी लढले. पुढे त्यांच्यात थट्टेचे नाते जुळले: भेटला की टोमणा मारायचा, वाटेल ते बोलायचे आणि कोणीही राग धरायचा नाही.

"चल रे माकडखाऊ, दवाखान्यात सोड," जेरे दारातूनच ओरडे.

"या, उंदीरखाऊ महाराज! आज उंदीर पचला नाही वाटतं?"

"पचला. पण तुझ्या गाडीत बसलं की पोटातला उंदीरसुद्धा विचारतो, दुसरी वाट कुठाय?"

"न्गोनींना पळायच्या वाटा आधी लागतात, ठाऊक आहे आम्हाला."

जेरे खोकला येईपर्यंत हसे. मग एका गुरुवारी, खोकला ओसरल्यावर, त्याने माझ्या बुंध्यावर बोट टेकवले. "कापाम्ब्वे, खाणीत दुसरी वाट माहीत असल्याशिवाय मी कुणाला खाली बसून न्शिमाचा घास खाऊ दिला नाही. लॉक लाव, खुशाल लाव. पण आतल्या माणसाच्या बोटांना उघडता आलं पाहिजे. मुठी बसवून घे. मी थट्टा करत नाहीये."

"अरे वा! आजवरचा तुमचा सगळ्यात भारी विनोद!" कापाम्ब्वे म्हणाला आणि स्टिअरिंगवर थाप मारून हसला.

जेरेलाही हसावे लागले. रीतच तशी. दोन सैन्यांना शांत करणारे हे नाते थोर आहे, मी ते नाकारत नाही. पण त्यात एक वाक्य खरे मानायची सोय कोणी ठेवली नव्हती. जेरेने तेच वाक्य पुढेही कितीतरी गुरुवारी उच्चारले आणि दर वेळी ते आधीपेक्षा जास्त विनोदी ठरले.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पाऊस कोसळत होता. रस्ता आणि कडेचे मोठे गटार एकाच पातळीला आले होते. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देताना आमची डावी चाके गटारात गेली आणि गाडी त्या कुशीवर कलंडली. कापाम्ब्वेचे डोके दाराच्या खांबावर आपटले, तो स्टिअरिंगवर निपचित पडला. पक्कड पाण्यात गेली. जेरे खालच्या बाजूला घसरला. माझे दार आता छतासारखे वर आले होते आणि गढूळ पाणी त्याच्या छातीपर्यंत चढले होते. अधू पायाने त्याला पुढच्या आसनावर चढता येईना.

निदान बाहेरून कोणाला तरी दार उघडता यावे, म्हणून त्याने हात वर केला आणि मला धरले. बोटे ओली होती. ती निसटली. त्याने बाही बोटांना गुंडाळून पुन्हा धरले, पुन्हा निसटली. मग त्याने नखे लावली. मित्रांनो, मी वर यायला तयार होते. मला धरण्याजोगे काही उरले नव्हते, एवढेच.

बाजारातली चार-पाच पोरे धावत आली आणि बाहेरून दार ओढू लागली. एकाने दगड उचलला, पण हात वरच थांबला. या गावात मोटारीच्या काचेशी दगड घेऊन उभ्या पोराला लोक आधी मारतात, मग विचारतात.

"अहो, बघा सगळ्यांनी!" तो रस्त्याकडे तोंड करून ओरडला. "मी चोर नाही! आत म्हातारा आहे! फोडू का काच?"

"फोड, फोड!" एक बाई छत्री टाकून धावत आली. "मी बघतेय, मी सांगेन! फोड रे बाळा!"

काच फुटली. त्यांनी जेरेला बाहेर काढले, तेव्हा तो जिवंत होता. पण नाकातोंडात गेलेले पाणी, छातीतली जुनी धूळ आणि तो गारठा यांच्यापुढे त्याची फुफ्फुसे चार दिवसच टिकली.

अंत्यविधीला कापाम्ब्वे डोक्याला पट्टी बांधून आला. माझ्या खिडकीला काचेऐवजी प्लास्टिक होते. गाडीत मक्याच्या पिठाची दोन पोती घालून त्याने ती जेरेच्या अंगणातच उभी केली. रीतीप्रमाणे बेम्बा मंडळींनी मृताची टिंगल सुरू केली होती. एक जण शवपेटीला म्हणत होता, "ऊठ आळशा, पाळी सुरू झाली!" रडणारे हसत होते. मग सर्वांनी कापाम्ब्वेला पुढे ढकलले. "बोल रे, तुझा उंदीरखाऊ गेला! तू नाही बोलायचं तर कोणी?"

कापाम्ब्वे शवपेटीपाशी गेला. मग स्पष्ट शब्दांत म्हणाला, "तो मला सांगत होता. दार आतून उघडत नाही, मरेल कोणीतरी, म्हणत होता. मी ऐकलं नाही. मी मारलं याला."

अंगण हास्याने हादरले. "बघा बेम्बाचा आव!" कोणीतरी ओरडले. जेरेची बायको कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या टोकाने डोळे पुसत हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली. कापाम्ब्वेने तिच्याकडे पाहिले आणि पाठ वळवली.

तो गाडीपाशी आला आणि जेरेच्या जागेवर बसला. दार लावले, मला दाबले आणि दोन बोटांनी वर ओढू लागला. बोटे निसटली. त्याने पुन्हा ओढले. अंगणातले हसणे ओसरेपर्यंत तो ओढत होता. शेवटी प्लास्टिक फाडून बाहेर पडला.

मित्रांनो, दारांना लॉक लावायचे की नाही, हे मला विचारू नका. लावा. बाहेर चोर आहेत, हे खोटे नाही. पण गाडी तुमची असेल, तर एकदा मागच्या आसनावर जाऊन बसा. खुंटी दाबा. मग बोटे ओली करून दार आतून उघडून पाहा. नाही उघडले, तर त्या दिवशी त्या आसनावर कोणालाही बसवू नका.