पदराचा वास

माझ्या नवऱ्याने, सुयशने, त्याच्या आईची साडी धुतली आणि त्या दिवसापासून माझ्या सासऱ्यांचं बोलणंच आटलं. एरवी आमटीत मीठ कणभर कमी पडलं तरी सांगणारे बाबा मुकाट्याने जेवून उठायला लागले.

सासूबाई, म्हणजे कमलाबाई, गेल्यावर आम्ही बाबांना खडकीहून इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनला आणलं. इथल्या थंडीला त्यांनी एकच स्वेटर आणला, पण बॅगेत अगदी वर सासूबाईंची न धुतलेली सुती साडी होती. ती उशाशी घेऊन ते झोपायचे. बाबांचे चिरंजीव एरवी स्वतःचा कप उचलत नाहीत, पण एका शनिवारी त्यांना कामाची उबळ आली. चादरींबरोबर साडीही मशिनमध्ये गेली आणि लॅव्हेंडरचा घमघमाट करत बाहेर आली. बाबांनी ती हुंगली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "असू दे. स्वच्छ झाली." सुयशवर ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

नंतर मला एकटीला म्हणाले, "चेहरा फोटोत आहे गं. पण डोळे मिटले की ती जवळ येऊन बसायची, ती आता येत नाही."

म्हणून मी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे इथल्या मोठ्यांच्या शाळेत, नवशिक्यांच्या अत्तराच्या वर्गाला नाव घातलं. मी सॉफ्टवेअरवाली, स्पिरिट आणि ड्रॉपरशी माझा संबंध शाळेतच संपलेला. पहिल्याच दिवशी मी बाटलीत सरळ खोबरेल ओतलं. ते स्पिरिटवर गोळे करून तरंगत बसलं. शिकवणाऱ्या फ्राऊ केलर हसल्या. "अहो, हे सगळेच करतात! तेल इथे मिसळत नाही." मग कागदाची पट्टी माझ्या नाकाशी धरून म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा. रोजचा, आपल्या घराचा, आपल्या हाताचा वास आपल्याला येत नाही. लांब राहून परत गेलात तरच कळतो."

घरी मी भाजलेलं खोबरं स्पिरिटमध्ये भिजत घातलं. सासूबाईंच्या तोंडात सतत लवंग असायची, ती घातली. वाळ्याचे थेंब घातले, मोगऱ्याचा अगदी एकच. स्वयंपाकघराची पार प्रयोगशाळा झाली. "रसायनशास्त्रात पस्तीस मिळालेत हिला," असं सुयश बाबांना सांगायचा, पण रोज बाटली हलवून ठेवायचा तोच. ती त्याची आई होती आणि साडी त्यानेच धुतली होती.

बाटली मुरल्यावर मी पट्टीवर दोन थेंब टाकून बाबांना दिली. त्यांनी डोळे मिटले. आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो.

"छान आहे," बाबा म्हणाले. "पण ही दुसरीच कुणीतरी बाई आहे."

मी लवंग वाढवली, मोगरा काढला, पुन्हा घातला. दर वेळी ते पट्टी हुंगायचे आणि माझं मन राखायला "जवळ आलीस हं" म्हणायचे. मला रडू यायचं. मलाही सासूबाई हव्या होत्या, आणि माझ्या हाताला काही त्या लागत नव्हत्या.

एका रविवारी सुयश बाल्कनीत सायकलच्या चेनला तेल देत होता. मी आतून हाक मारली, "ही पट्टी बाबांना दे रे." पट्टी पहिल्याच बाटलीतली होती. त्याने तसल्याच बरबटलेल्या बोटांनी ती उचलून दिली.

बाबांनी ती नाकाशी नेली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. "आली," ते म्हणाले. "अरे, आली ही."

मी धावत गेले. पट्टी हुंगली. लवंग, खोबरं आणि त्यावर काळं तेल. सुयश स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिला. बाबांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली, निवृत्त असे कधी झालेच नाहीत.

"मी हात तिच्या पदराला पुसायचो," बाबा हळूच म्हणाले. "जेवायला बसताना, कुणी दारात आलं की. ती ओरडायची. मी रोज पुसायचो."

सुयशला हुंदका आला. मला वाटलं, मिळालं! आता चेनच्या तेलाचा वास स्पिरिटमध्ये कसा उतरवायचा, ते फ्राऊ केलरना विचारायचं, एवढंच उरलं. मी तसं म्हणालेही.

बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते. "म्हणजे इतके दिवस मी उशाशी घेऊन झोपत होतो, तो माझ्याच हातांचा वास होता. तिचा म्हणून." पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली. "नको पोरी, तेल नको. ती पहिली बाटली आण. मी म्हणालो ना, दुसरीच बाई, ती."

मी कोरी पट्टी भिजवून दिली. त्यांनी ती खूप वेळ हुंगली, नवीन माणसाशी बोलताना अवघडावं तसे अवघडून.

"ही लवंग. हे खोबरं. आणि हा मातीसारखा कसला गं?"

"वाळा, बाबा. आई ट्रंकेत साड्यांमध्ये वाळा ठेवायच्या."

"ठेवायची?" बाबा म्हणाले, आणि पट्टी पुन्हा नाकाशी नेली.