मोजली गेलेली, पण न गेलेली माणसे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि आज मी भयंकर चिडलेलो आहे.

लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या एका कचेरीत, खिडकीखालच्या टेबलावर माझी नेमणूक झाली. देश सोडून कोण जाईल याचा अंदाज बांधणे हे माझे काम. मला चालवणाऱ्या बाई फार नेटक्या. सर्वेक्षणातली उत्तरे घेऊन त्यांनी माझ्या पोटात आकड्यांची दहा हजार माणसे वसवली. प्रत्येकाला वय दिले, काम दिले, घरदार दिले. वर तीन पायऱ्या दिल्या. आधी जावेसे वाटणे, मग तयारी, मग प्रत्यक्ष निघणे. बहुतेक माणसे पहिल्या पायरीवरच वर्षानुवर्षे ठाण मांडून बसत. मला ती फार आवडत.

बाईंची थोरली बहीण एका लहान गावात, प्रसूतिगृहात नर्स होती. सर्वेक्षणात तिनेही ‘परदेशी जायचे आहे’ यावर खूण केली होती. अकरा वर्षे ती हेच म्हणत होती. पासपोर्टचा अर्ज मात्र कधी भरला नाही.

मग मोठी बैठक तोंडावर आली. मला उत्तर काढायला दोन दिवस लागत. साहेब वैतागले.

“त्या पायऱ्या काढून टाका बाई. जातो म्हणाला म्हणजे गेला!”

“अहो साहेब, माझी ताईच अकरा वर्षं जाते जाते म्हणतेय!”

पण ऐकतो कोण? पायऱ्या उडाल्या. दहा मिनिटांत मी उत्तर ओकले. ताईच्या प्रसूतिगृहातल्या दहांपैकी आठ नर्स जाणार! साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नर्सच उरणार नाहीत तर प्रसूतिगृह हवे कशाला, असे म्हणून वरच्यांनी त्याला कुलूप ठोकले.

नोकरी गेली, तेव्हा ताईने अर्ज भरला. निघण्यापूर्वी ती कचेरीत निरोप घ्यायला आली.

“मी काय खरंच जाणार होते का गं? सासूबाईंशी वाजलं की म्हणायचे आपली.”

बाई तिचा हात धरून रडत होत्या. तेवढ्यात साहेब आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बघा! याचं उत्तर तंतोतंत खरं ठरलं!”

असले कौतुक चुलीत घाला! संतापाने माझा पंखा घरघरू लागला. त्यांना वाटले, यंत्र जुने झाले. त्यांनी मला अडगळीत टाकले. त्या गावच्या दिवस भरलेल्या बाया आता दोन तास गाडीत कळा सोसत जातात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका. पण उद्या तुम्ही साहेबांच्या खुर्चीत बसाल आणि कोणी म्हणेल, “मी चाललो,” तेव्हा त्याला विचारा, “राहायला तुला काय हवं?” माझ्या दहा हजार माणसांना हे कोणी एकदाही विचारले नाही.