इजिप्तचे हात

रहाफ शाळेला गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही, असं मी म्हणायची. त्यावर माझी नणंद इन्साफ हसायची. "ती होती तेव्हा तरी दोघी कुठे बोलत होतात, वहिनी?"

तिचं खरंच होतं. माझी लेक जन्मापासून बहिरी. बारा वर्षं आम्ही बोटं दाखवून, ओढून, ढकलून निभावलं. जेव, झोप, शेळ्या बांध. त्यापलीकडे आमच्यात काही नव्हतं. सप्टेंबरात ती राजधानीतल्या, अम्मानच्या, बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत गेली. नवरा ट्रक घेऊन अकाबा बंदराच्या रस्त्यावर. इथे तफीलाच्या डोंगरी थंडीत शेगडीपुढे मी एकटी आणि माझा फोन.

त्या फोनवर मला हातांच्या भाषेचे धडे सापडले. पडद्यावर चहाचा पेला यायचा. त्याला बोट लावलं की हिजाबवाली बाई हातांनी 'चहा' म्हणायची. तिला हळू करता यायचं, पुन्हा बघता यायचं. मग तीन चित्रांतून बरोबर हात ओळखायचे. चुकलं की चित्र थरथरायचं, जमलं की हिरवी खूण. शाळेत मी चौथीपर्यंत मार खातच शिकले. इथे शंभरदा चुकले तरी बाई आपली हसतेच आहे. असे बासष्ट धडे झाले. त्यातून जुळवलेलं एक वाक्य मी रोज घोटायची: तुझ्याविना घर सुनं झालंय. हे तिला सांगता यावं, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

"भिंतीपुढे कसले हातवारे चाललेत? माश्या मारतेस का?" इन्साफ दारातून विचारायची.

"धडा करतेय."

"मग? भिंत पास झाली का?"

जानेवारीच्या सुट्टीत रहाफ पहिल्यांदा घरी आली. मी तिला बूटही काढू दिले नाहीत. समोर उभी राहिले आणि वाक्य केलं.

तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी पुन्हा केलं. परक्या बाईकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मी फोन काढला. तिला धडे दाखवले तेव्हा ती हसली आणि तिने शाळेत शिकलेल्या अक्षरांनी, चाचपडत, फोनवर लिहिलं: "यम्मा, हे इजिप्तचे हात आहेत. आपल्या देशाचे वेगळे."

अरबी एक, नमाज एक, जन्मभर मालिका बघितल्या त्या इजिप्तच्याच. हात वेगळे असतील हे कुणाच्या डोक्यात येणार? मला रडूच आलं.

रहाफ फोनवर हिरव्या खुणा मोजत शेवटपर्यंत गेली. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिने आपल्या गालावरच्या जुन्या व्रणाला दोन बोटं लावली आणि लिहिलं: "हे माझं नाव. मैत्रिणींनी ठेवलंय."

मी ठेवलेलं नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. मी माझ्या गालावर दोन बोटं लावली. तिने ती जरा खाली सरकवली.

"आणि तिथे मला काय म्हणतेस?" मी लिहिलं.

ती घुटमळली. मग बोटं तोंडापुढे धरून भराभर उघडली, मिटली, उघडली.

ते तिला लिहून सांगावं लागलं नाही. बारा वर्षं मी तिच्यापुढे नुसते ओठ हलवले होते.

फार लागलं मला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले. तिने ते घेतले आणि एकेक बोट सरळ करायला लागली.