नेलपॉलिशचा ठिपका

तारवाला स्वतःच्या सावलीवरही विश्वास ठेवत नाही, असं त्याची बायको म्हणायची. कुलूप लावलं की तो तीनदा ओढून बघायचा आणि जिना उतरल्यावर परत वर येऊन चौथ्यांदा. असल्या माणसाने नेटवर्कचं काम निवडावं यात नवल नव्हतं, कारण या धंद्यात बिघाड झाला की जो तो कानावर हात ठेवतो. "आम्ही कशाला हात लावला नाही" हे वाक्य ऐकून ऐकून त्याचे कान किटले, तेव्हा त्याने बायकोची मरून नेलपॉलिशची बाटली उचलून हत्यारांच्या पेटीत टाकली. यंत्र बसवलं की त्याच्या खटक्यांवर तो एक ठिपका द्यायचा. कोणी खटका हलवला की ठिपका तडकणार आणि चोर सापडणार. बाटली कुठे गेली असं बायकोने विचारलं, तर त्याने तिलाच विचारलं, की नेमकी आत्ताच ती तुला कशाला हवी आहे.

लोखंडी सळयांच्या गोदामाचं काम त्याला सासऱ्यांमुळे मिळालं. सासरे तिथे अकरा वर्षं वजनकाट्यावर होते. ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि पावती ऑफिसातल्या संगणकावर पाठवायची. सगळं गोदाम त्यांना मामा म्हणायचं, जावईही मामाच म्हणायचा. त्यांनी मॅनेजरकडे शब्द टाकला, पण नातं सांगायचं नाही, ही अट तारवाल्याने घातली. लोक नसता संशय घेतात, असं त्याचं म्हणणं. मामा हसले आणि मॅनेजरला "ओळखीचा माणूस आहे" एवढंच बोलले.

काट्याची केबिन ऑफिसपासून चारशे मीटर लांब होती. साधी तांब्याची केबल शंभर मीटरपुढे मान टाकते, म्हणून त्याने मधे फायबर टाकली, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची तार. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर बसवला. तळहाताएवढी डबी ती, तांब्यातून आलेला संदेश प्रकाशात घालते आणि प्रकाशातून आलेला परत तांब्यात. तिच्या पोटावर बारीक खटके असतात. त्यातला एक वर ठेवला, तर डबी आणि संगणक आपसात बोलून कामाची रीत ठरवतात. खाली ओढला, तर रीत सक्तीने बांधली जाते, आणि मग संगणकावरही तीच हाताने बांधावी लागते. सगळी दुनिया तो खटका वर ठेवते. तारवाला खाली ओढायचा. दोन यंत्रं आपल्या माघारी काय ठरवतील, याचा काय भरवसा?

ऑफिसचं टोक बांधून तो केबिनमध्ये आला, खटका खाली ओढला आणि ठिपका वाळेपर्यंत संगणकाचं उरकू म्हणून पॉलिश आधीच लावलं. तेवढ्यात मामांनी डबा उघडून अर्धं जेवण झाकणात काढलं आणि आधी दोन घास खाऊन घ्या म्हणाले. तो जेवला. हात धुऊन आला, वाळलेला ठिपका पाहिला, एक पावती पाठवून बघितली. ती पोचली. तो समाधानाने पेटी बंद करून निघाला.

आठवड्याभरात मॅनेजरचा फोन आला. सकाळी सगळं ठीक चालतं, पण दुपारी भरलेल्या गाड्यांची रांग लागली की पावत्या पोचतच नाहीत. गाड्या मात्र गेटबाहेर पडतात. सळया नक्की किती गेल्या, हे देवालाच माहीत.

तारवाल्याने ऑफिसातली डबी तपासली. दिवे हिरवेगार, तार शाबूत. त्याच्या मनात पाल चुकचुकली. ऐन गाड्यांच्या वेळी बरं बिघडतं हे? केबिनमध्ये असतं कोण, तर एकटे मामा. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. मामांनी परवाच नवे बूट घेतले होते. मागच्या रविवारी त्यांना कोणाचा तरी फोन आला, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले होते. संशयाला काय, एकदा घरात घेतला की तो पाय पसरतो.

त्याने त्यांना आडून विचारलं. मामा म्हणाले, माझाच हात लागला असेल कुठेतरी, वय झालं. मॅनेजरलाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. तारवाल्याला हा कबुलीजबाबच वाटला. बायकोशी तो यावर एक अक्षर बोलला नाही, न जाणो तिने वडिलांना सावध केलं तर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मॅनेजरला सही करून लिहून दिलं, की यंत्रात दोष नाही, केबिनमध्ये छेडछाड होते आहे.

मॅनेजर म्हणाला, पुरावा मिळाला तर म्हाताऱ्याला आजच घरी पाठवतो. पुरावा कुठे आहे ते तारवाल्याला ठाऊक होतं.

दुपारी तो केबिनमध्ये शिरला तेव्हा मामा बाहेर ट्रकचा नंबर लिहून घेत होते. त्याने मोबाइलचा कॅमेरा सुरू केला, टेबलाखालची डबी काढली आणि उलटी केली.

ठिपका जसाच्या तसा होता. तडा नाही, ओरखडा नाही. कडेला त्याच्याच अंगठ्याची रेघ उमटलेली. फोटो कशाचा काढायचा? त्याने मोबाइल खिशात टाकला आणि ठिपक्याखालचा खटका बघितला. तो खाली होता, त्याने ओढला होता तसाच. मग त्याने संगणकाची सेटिंग उघडली. संगणक अजून स्वतःच्या मनाने चालत होता. त्याला कोणी बांधलंच नव्हतं. डबी एकाच वेळी बोलत आणि ऐकत होती, संगणक मात्र आळीपाळीने. एकदोन पावत्या असल्या की निभत होतं. रांग लागली, फोटोंचा लोंढा आला, की दोघं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालत आणि सगळंच अडत होतं.

हात धुऊन येऊन वाळलेला ठिपका पाहिला आणि काम संपलं असं समजलो, हे त्याला आता लख्ख आठवलं. लाजेने त्याचे कान तापले. आता एक क्षणही ही चूक तशी राहू नये, म्हणून त्याने स्क्रूड्रायव्हरने ठिपका खरवडला आणि आयुष्यात पहिल्यांदा खटका वर केला. अडकलेल्या सोळा पावत्या भराभर निघून गेल्या.

मामा आत आले. पडद्याकडे बघून त्यांचा चेहरा उजळला.

"मामा, तुम्ही हात लागला असं का सांगितलंत?"

"जेवायला मीच उठवलं होतं तुम्हाला," मामा म्हणाले. "त्यानंतर तुम्ही संगणकाला हात लावला नाहीत, हे माझ्या लक्षात होतं. पण मला त्यातलं काय कळतं? आणि इथलं तुमचं पहिलंच काम. म्हटलं, बोल आपल्यावर आलेला बरा. म्हाताऱ्याला कोण काय करणार, जावईबापू."

"जावईबापू?" दारातून आवाज आला. मॅनेजर पुरावा बघायला स्वतः चालत आला होता.

तारवाल्याने सगळं सांगितलं. चूक माझी, डबीला कोणी हात लावला नव्हता, सील शाबूत होतं. मॅनेजर शांतपणे ऐकत होता. त्याची ती नजर तारवाल्याच्या ओळखीची होती. रोज दाढी करताना आरशात दिसायची.

"सकाळी लिहून दिलंत की यंत्र ठीक आहे, माणूस खोटा आहे. आता सासरे समोर आहेत, तर चूक तुमची. बरं, दाखवा ते सील."

टेबलावर मरून रंगाचा भुगा पडला होता. थोडा त्याच्या नखात अडकला होता.

"फोटो?"

तोही नव्हता. तडकलेल्या ठिपक्याचा काढायचा होता, शाबूत ठिपक्याचा कोण काढतो?

"नातं कोणी लपवलं?"

"मी," तारवाला म्हणाला. "त्यांनी नाही." पण हेही त्यांना वाचवायलाच बोलतो आहे, असं वाटावं असाच त्याचा आवाज आला.

खटका परत खाली करून दाखवतो, गाड्या अडतात की नाही बघा, असं त्याने विनवलं. मॅनेजर म्हणाला, अडतील की. पण खटका इतके दिवस कोण खालीवर करत होतं, ते त्यातून कसं कळणार? इतकी वर्षं दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारून तारवाल्याने त्यांची तोंडं बंद केली होती.

मॅनेजरने मामांपुढे किल्लीसाठी हात धरला. मामांनी वाद घातला नाही. केबिनची किल्ली खिशातून काढून मॅनेजरच्या हातात दिली आणि चष्मा, पेन, पाण्याची बाटली पिशवीत भरली. नव्या बुटांची नाडी बांधायला ते वाकले, तसा तारवाला खाली बसला आणि त्याने ती बांधून दिली. बूट टाचेचं दुखणं असलेल्यांचे होते, जाड तळव्याचे.

"तिला मी सांगेन," मामा म्हणाले. "तुम्ही नका सांगू, तुम्हाला जमणार नाही."

"मीच सांगतो, मामा."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. मग हातातली डब्याची पिशवी त्याच्याकडे दिली आणि म्हणाले, की अर्धं तुमच्यासाठी ठेवलं होतं, आज याल असं वाटलं होतं.