दक्षिणेची बाजू

दीप्तीने चिठ्ठी उलगडली, वाचली, पुन्हा घडी घालून मुठीत धरली आणि बाकावर ताठ बसली. शेजारच्या श्रुतिकाला दम कुठला! तिने मुठीत बोट खुपसून पाहिलं.

"क्या निकला?"

"साउथ."

"गई तू," श्रुतिका म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसली.

अकरावीच्या वर्गात अमेरिकेचं यादवी युद्ध शिकवून झालं होतं. शिकवून झालं, हे उमा मॅडमचं मत. मुलांच्या डोक्यात त्यातला कापूस, गुलाम आणि लिंकनची दाढी एवढाच ऐवज शिल्लक होता. म्हणून मॅडमनी वादविवाद ठेवला. उत्तरेकडून एक बोलणार, दक्षिणेकडून एक, बाकीच्यांनी ऐकायचं आणि शेवटी हात वर करून कौल द्यायचा. ज्याच्या बाजूला जास्त हात, त्याला शाळा जबलपूरच्या विभागीय स्पर्धेला पाठवणार. आपली बाजू सोडून बोलणारा मात्र बाद. उत्तरेची चिठ्ठी कुशलला निघाली. गेल्या वर्षी कुणी स्पर्धकच नसल्यामुळे जबलपूरला तोच जाऊन आला होता, आणि तेव्हापासून त्याचं कुठलंही बोलणं 'जबलपूर में ना' इथूनच सुरू व्हायचं. दीप्तीला बक्षिसाचा मोह होताच. पण कुशलचं ते 'जबलपूर में ना' बंद करायचा मोह त्याहून मोठा होता.

मधल्या सुट्टीत उमा मॅडमनी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. वर्गात सगळा कारभार हिंदीत चालायचा. मराठी घरच्या मुलांशी एकट्यात बोलताना मात्र मॅडम मराठीवर येत.

"दीप्ती, तुला हवी असेल तर मी चिठ्ठी बदलून देते. कुशलला सांगते तसं."

"काहून मॅडम?"

मॅडमनी पदर सारखा केला. मग चष्मा काढून पुसला. "नाही, म्हणजे... गुलामांच्या मालकांची बाजू मांडायची. तुला बरं वाटणार नाही, असं मला वाटलं."

"कुशलले बरं वाटन का?"

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. बाई मनाने चांगल्या होत्या, आणि चांगल्या माणसांची अडचण अशी की, मनातलं उघड बोलता येत नाही आणि लपवताही येत नाही. दीप्तीला सगळं कळलं. दीप्ती कोणत्या वॉर्डातून येते, तिच्या घरात भिंतीवर कुणाची तसबीर आहे, हे मॅडमना ठाऊक होतं. त्यावरूनच हा कळवळा आला होता. तिला राग आला, पण तो तिने गिळला.

"मले साउथच पायजे, मॅडम," ती म्हणाली. "आन् मी जितून दाखवीन."

घरी मात्र खरं युद्ध पेटलं. तिचा बाप बाबूलाल वीज कार्यालयातून आला होता, हात धूत होता. पोरीने बातमी सांगितली तसा तो ओल्या हातानेच बाहेर आला.

"आपल्या घरची पोट्टी गुलामीच्या बाजूनं बोलन? मी उद्या शाळेत येतो."

"येऊ नका, बाबा. वकील खुन्याचीबी केस लढते. मंग तो खुनी होते का?"

बाबूलाल थबकला. पोरीने वकील व्हावं हे स्वप्न त्याचंच होतं. त्याचंच हत्यार तिने त्याच्यावर उगारलं होतं. "वकील फी घेते," तो पुटपुटला, पण त्यात काही जोर नव्हता.

आता मुद्दे हवे होते. पुस्तकात दक्षिणेच्या वाट्याला एक परिच्छेद आला होता, तोही शिव्या घातल्यासारखा. मोबाइलवर शोधलं तर तेच ते. दीप्तीला मालक नुसता वाईट नको होता. वाईट मालकाला कोण हात वर करणार? तिला पटणारा मालक हवा होता. आणि असा मालक पाहिलेला माणूस तिच्या घरातच, अंगणातल्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

महागू, म्हणजे तिचा आजा, उभी जवानी वारासिवनीकडच्या एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, होता. मालगुजारी कायद्याने केव्हाच संपली होती, पण त्या घराचा रुबाब आणि महागूसारख्यांची चाकरी पुढे कित्येक वर्षं तशीच चालू राहिली. दीप्ती त्याच्याजवळ पाटावर बसली.

"आबाजी, अमेरिकेत लढाई झालती. मालक लोक एका बाजूनं, आन् गुलामाले सोडा म्हननारे दुसऱ्या बाजूनं."

"हौ का? मंग तू कोनाकडून?"

"मालकाकडून."

"मंग झालं. जितलीच तू," महागू म्हणाला आणि शेंगेतले दाणे टोपलीत टाकले.

"तुमचा मालक कसा होता? वाईट होता का?"

"छे! देवमानूस. आमाले लेकरावानी ठेवलं. पोळ्याले नवीन धोतर, दिवाळीले लाडू. मले ताप आलता तं सोता डागदर बोलावला त्याईनं. माहं लगनबी त्याईनंच लावून देल्लं. पैशे आपल्याजवळच ठेवत. म्हनत, महागू, तू भोळा हायस, उडवून टाकशीन. आन् खरंच होतं ते."

दीप्ती भराभर लिहून घेऊ लागली. हे सोनं होतं. शोधून सापडलं नसतं असं सोनं.

"पानीबी पहिले आमाले देत," महागू आठवून आठवून सांगत होता. "वरून ओंजळीत टाकत, पन पहिले आमाले."

हे तिने लिहिलं नाही. अमेरिकेत त्याचा उपयोग नव्हता.

"बस करा आता," आतून बाबूलालचा आवाज आला. पाठोपाठ सायकल काढल्याचा, फाटक आपटल्याचा. बापाचं हे मालकपुराण ऐकलं की तो नेहमीच घराबाहेर पडे. महागूने नातीकडे पाहून डोळे मिचकावले.

"तुया बापाले राग येते. त्यानं मालक पाह्यलाच कुठी?"

शनिवारी वर्ग गच्च भरला. कुशल आधी बोलला. तो बोलला छानच. तारखा पाठ, लढायांची नावं पाठ, माणुसकीवर एक कडवंही पाठ. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि जांभया दिल्या.

मग दीप्ती उठली. तिच्या हातात कागद नव्हता. ती फळ्यासमोर गेली, एका हाताने टेबलाची कड धरली, आवाज जरा जड केला, आणि वर्गाला वाटलं, कुणी पोक्त माणूस ओसरीवर येऊन बसला.

"मेरे घर के लोग हैं ये," ती म्हणाली. "तुम इन्हें गुलाम कहते हो. मैंने तो कभी नहीं कहा."

ती बोलत गेली. ह्यांना ताप आला तर डॉक्टर मी बोलावतो. सणाला कपडे मी घेतो. ह्यांच्या लेकींची लग्नं मी लावून देतो. पैसे हातात दिले तर उडवून टाकतील, म्हणून मी सांभाळतो. तुम्ही म्हणता, ह्यांना सोडून द्या. सोडलं तर जातील कुठे? तुमच्या उत्तरेच्या गिरण्यांत? तिथे मजुराचा हात मशिनीत गेला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. म्हातारा झाला की त्याला कोण विचारतं? माझ्याकडे म्हातारे माझ्या अंगणात उन्हाला बसतात. जा, विचारा त्यांना, मालक कसा आहे. माझी शपथ, एकही वाईट बोलणार नाही.

टाळ्या अशा पडल्या की शेजारच्या वर्गाचे सर डोकावून गेले. कुशलचे कान लाल झाले होते. दीप्ती जागेवर येऊन बसली तेव्हा तिला जबलपूरचं स्टेशनसुद्धा दिसू लागलं होतं.

उमा मॅडम उभ्या राहिल्या. "कौन अच्छा बोला, ये नहीं पूछ रही हूँ. किसकी बात सही लगी, वो बताओ. नॉर्थ?"

चार-दोन हात, तेही कुशलच्या दोस्तांचे.

"साउथ?"

वर्गभर हात वर झाले. दीप्तीचा आनंद पोटात मावेना. ती मागे वळून पाहू लागली. तिच्याच वॉर्डातल्या पवनने तर दोन्ही हात वर केले होते. श्रुतिकाने कोपराने तिला ढोसलं.

"सही तो बोली तू. मम्मी भी हमारी बाई को यही बोलती है. हमारे यहाँ घर जैसी ही तो है वो."

दीप्ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यातच थांबलं. तिने पुन्हा हात पाहिले. ही मुलं तिच्या बोलण्याला नव्हती भुलली. ही मालकाशी सहमत झाली होती. खरंखुरं, मनापासून, कुणी जबरदस्ती न करता. आणि त्यांना पटवायला तिने तिचा आजा नेऊन उभा केला होता.

"अभिनंदन, दीप्ती," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. खडू बोटांत धरून त्या फळ्याकडे पाहत होत्या, पण लिहीत काहीच नव्हत्या.

"मॅडम, मले उत्तर द्यायचं हाय." भर वर्गात ती मराठीवर आली, आणि तिच्यामागे मॅडमही.

"कुणाला?"

"दक्षिणेला."

वर्गात कुजबुज झाली. मॅडमनी चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं. "नियम ठाऊक आहे ना? स्वतःची बाजू सोडली की नाव बाद. मग कुशल जाईल."

"हौ, ठाऊक हाय."

"दीप्ती, वेडेपणा करू नकोस. जिंकली आहेस तू."

"म्हनूनच, मॅडम."

ती पुन्हा फळ्यासमोर गेली. ह्या वेळी टेबल धरायचं तिला सुचलं नाही. आधी ती मालक होऊन जिथे उभी राहिली होती त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून ती बोलू लागली.

मालक, तुम्ही चांगले आहात, मान्य. मग पळणाऱ्याच्या मागे कुत्री का सोडता? लेकरासारखं ठेवलं म्हणता, तर आपलं लेकरू बाजारात नेऊन कोण विकतं? ह्यांना पैसा सांभाळता येत नाही, हे तुम्हाला कसं कळलं? कधी हातात दिला होता का? आणि म्हातारे वाईट बोलत नाहीत म्हणता. ज्या माणसाला जन्मभर हो म्हणण्याशिवाय दुसरं काही बोलूच दिलं नाही, त्याचं हो कसं मोजायचं?

समोर कापसाचं शेत नव्हतंच. घरचं अंगण होतं, तुरीच्या शेंगा होत्या. तिला मालकाचा राग आला होता, आणि थोडा, अगदी थोडा, आजाचाही. त्याचीच तिला लाज वाटली. मग तिने शेवटचं वाक्य खणखणीत म्हटलं.

"आप इतने अच्छे थे मालिक, तो एक बार पूछ ही लेते, कि जाना है क्या?"

टाळ्या नाही पडल्या. श्रुतिका वहीच्या कोपऱ्यावर काहीतरी गिरवत होती. पवनने हात कधी खाली घेतले ते कुणी पाहिलं नाही. मॅडमनी दुसऱ्यांदा हात मोजले नाहीत. नियमाप्रमाणे कुशलचं नाव फळ्यावर लिहिलं, आणि लिहून झाल्यावर दीप्तीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात आता व्हरांड्यातल्यासारखा चाचपडत नव्हता.

फाटकाशी कुशल तिची वाट पाहत उभा होता.

"वो कुत्ते वाला पॉइंट मैं ले लूँ क्या?"

"ले ले," दीप्ती म्हणाली. "सब ले ले."

रस्ताभर तिला वाईट वाटत राहिलं, खोटं कशाला सांगायचं. जबलपूर हातातून गेलं ते गेलंच. पण पायांत बळ होतं, आणि चढावरही तिने सायकल हाताने ढकलत नेली नाही. घरी बाबूलालची सायकल दारातच होती. आज तो लवकर आला होता आणि खिडकीआड काहीतरी शोधत असल्याचं सोंग करत होता. महागू अंगणात खाटेवर पडला होता. तिची चाहूल लागताच कोपरावर उठला.

"जितली ना?"

"नाही, आबाजी. नाव कटलं माहं."

महागूच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे त्याच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

"मालकाकडून बोलून हारली? असं कसं? मालक कदी हारते का?"

दीप्तीने दप्तर खाली ठेवलं.

"हारते, आबाजी. म्या सोता हारवलं त्याले."

म्हाताऱ्याने एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे, कुणी येत तर नाही ना, अशा नजरेने. आत बाबूलालची शोधाशोध थांबली होती.

"तोंडावर बोलली? समोर उभी राहून?"

"हौ. तोंडावर."

महागूने पाय खाली सोडले, खाटेवर तिच्यासाठी जागा केली आणि तिचं मनगट धरून तिला जवळ बसवलं.

"काय म्हनली त्याले, सांग," तो म्हणाला. "जोरानं सांग."